वरील नावाचा इसम

१

दुपारचे दोन वाजले की सुलेखाबाईंचं सूप ओट्यावर यायचं. सुपात कधी तूर, कधी गहू, आणि निवडायला काहीच नसलं तर आदल्या दिवशी निवडलेले तांदूळ पुन्हा. निवडणं हे निमित्त. खरं काम गल्लीकडं लक्ष ठेवायचं.

छावणीच्या मागं, भावसिंगपुऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की ही गल्ली. बावीस घरं, कोपऱ्यावर विहार, त्याच्या पुढं कडुबाचं किराणा दुकान. सुलेखाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा इथं नुसती माती होती. मग खडी आली, मग सिमेंट. रस्ता बदलला तसे पावलांचे आवाज बदलले, पण सुलेखाबाईंचा कान कधी हुकला नाही. मान वर न करता त्या सांगायच्या, "बन्सी आला. चपलेचा अंगठा तुटलाय त्याच्या." आणि बन्सी खरंच एक चप्पल ओढत यायचा. त्यांचा नवरा मोतीराम रिक्षा चालवायचा. तो म्हणायचा, "नगरसेवक म्हणतो गल्लीत कॅमेरे बसवू. कशाला म्हणलं खर्च, आमची बसलीय की ओट्यावर."

कुणाचं दार बंद दिसलं की आलेला माणूस आपसूक त्यांच्याकडं वळायचा. "घरी हायत का?" पोस्टमन असो, गॅसवाला असो, नाहीतर मुलगी बघायला आलेले पाहुणे असोत. सुलेखाबाई सांगायच्या: आहेत, झोपलेत, जोरात वाजवा. किंवा नाहीत, दवाखान्यात गेलेत, पाचपर्यंत येतील, पाणी देऊ का. तेहतीस वर्षांत या प्रश्नाला त्यांनी "माहीत नाही" असं उत्तर दिलं नव्हतं.

समोरचं घर भामाबाईंचं. वय शहाऐंशी, पाठ वाकलेली, पण जीभ सरळ. एकोणीस वर्षांची सुलेखा नवीन नवरी म्हणून आली आणि पहिल्याच आठवड्यात भाकरी करपवून रडत बसली, तेव्हा हीच बाई रस्ता ओलांडून आली होती. चुलीपुढं बसली, चार भाकरी थापून दिल्या आणि म्हणाली, "ह्या तू केल्यास. मी आलेच नव्हते." तेव्हापासून त्या मावशी आणि ही सुले.

मावशींच्या घरात त्यांचा मुलगा राजकुमार, चिकलठाण्याच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला. नातू सुदर्शन आणि त्याची बायको, दोघंही सकाळी आठला कामावर जाणारी. आणि त्यांची तीन वर्षांची ओवी. ओवी हे कागदावरचं नाव. गल्ली तिला छोटी भामा म्हणायची. ते नावही सुलेखाबाईंनीच पाडलेलं. पोरीची हनुवटी, हसताना तोंड डावीकडं वाकडं होणं, सगळं पणजीचं उचललेलं. "मावशी, तुम्हीच परत आलात बघा लहान होऊन," असं त्या एकदा म्हणाल्या आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

२

राजकुमारला निवृत्तीनंतर वंशावळीचा नाद लागला. सुदर्शनच्या जातपडताळणीच्या वेळी बापाकडची वंशावळ काढावी लागली होती. तेव्हा तहसिलात खेटे घालून वैताग आला, पण गोडीही लागली. आता आईकडची काढायची म्हणून त्यानं जुन्या कॅलेंडरची चार पानं पाठीमागून चिकटवली आणि भिंतीला लावली. खाली ओवी, वर सुदर्शन, वर राजकुमार, वर भामाबाई. भामाबाईंच्या वर एक चौकोन, त्यात 'सांडू' एवढंच नाव आणि पुढं प्रश्नचिन्ह.

"ते उलटं इळ्यासारखं काय काढलंय माझ्या बापापुढं?" भामाबाईंनी विचारलं.

"प्रश्नचिन्ह आहे, आई. त्यांचं पुढं काय झालं ते माहीत नाही म्हणून."

"मला इचार की मग."

चहा घेऊन आलेल्या सुलेखाबाई तिथंच खाली बसल्या. ही गोष्ट त्यांनी पन्नास वेळा ऐकली होती आणि एकावन्नाव्यांदा ऐकायचीही तयारी होती.

"बा पलटणीत गेला तवा मी तीन वर्साची," भामाबाई सांगू लागल्या. "आमचं गाव वैजापूरकडलं. गाडी रोटेगावच्या टेसनात. आई न् मी सोडायला गेलो. सगळी वाट मी त्याच्या कडेवर. त्याचे बूट असे वाजायचे, खाली लोखंड ठोकलेलं असायचं ना. गाडी आली तरी मी गळा सोडीना. लई रडले. मग म्हणला, आता गाडीत जागा नाय. परत येतो न् तुला अशीच कडेवर घेऊन गाडीत बसवून नेतो. तू तयार ऱ्हा."

"मग?" सुलेखाबाईंनी ठरलेल्या जागी विचारलं.

"मग काय. तयारच हाय की मी."

राजकुमार हसला. भामाबाई नाही हसल्या.

ब्रह्मदेशातून एक पत्र आलं होतं म्हणे, कुणीतरी वाचून दाखवलेलं. त्यानंतर काही नाही. भामाबाईंच्या आईनं उंबऱ्याच्या आत एक पितळी तांब्या भरून ठेवायला सुरुवात केली. माणूस उन्हातून येईल, आधी पाणी लागेल. आई थकली तशी तो तांब्या भामाबाई भरू लागल्या. बाहत्तरच्या दुष्काळात गाव सोडून इथं यायची वेळ आली, तेव्हा आईचा पाय निघेना. तो आला तर घर कुठं शोधील. शेवटी तिनं गावातल्या शेजारणीला बजावलं: आले तर सांग, औरंगाबादेला गेलेत, छावणीच्या मागं.

"ती शेजारीण मेली. तिचं घरबी पडलं," भामाबाई म्हणाल्या. "सांगायला कोणीच ऱ्हायलं नाय." मग त्यांनी राजकुमारकडं बघितलं. "बा मेला असंल तर कुठं मेला तेवढं कळू दे. मी जायच्या आधी. बाकी तुझं चित्र तू काढ."

३

कुण्या निवृत्त सुभेदाराकडून राजकुमारला कळलं की पलटणीची जुनी कागदं एका कचेरीत जपून ठेवलेली असतात. वारसानं अर्ज केला तर नक्कल मिळते. मात्र वारस जिवंत असल्याचा दाखला जोडावा लागतो आणि त्यावर शेजाऱ्याची साक्ष.

साक्ष म्हटल्यावर सुलेखाबाई चष्मा घेऊनच आल्या. त्यांची शाळा सातवीपर्यंत, पण अक्षर वळणदार. गल्लीतले रेशनचे, गॅसचे, शाळाप्रवेशाचे फॉर्म त्यांच्याकडूनच भरून जायचे. त्यामुळं राजकुमार "मी लिहितो, तुम्ही फक्त सही करा" म्हणाला तेव्हा त्यांना ते बरं वाटलं नाही.

"साक्ष माझी ना? मग हात बी माझाच."

राजकुमार आधार कार्ड शोधायला आत गेला. सुलेखाबाईंनी कागद मांडीवरच्या पाटावर ठेवला. सगळ्यात वर सैनिकाचं नाव होतं. मधे बारीक अक्षरात अर्जदाराचं. आणि खाली छापलेलं: 'वरील नावाचा इसम ______ यास मी ____ वर्षांपासून ओळखतो/ओळखते. सदर इसम खालील पत्त्यावर राहत असून आज रोजी मी त्यास समक्ष हयात पाहिले आहे.'

त्यांनी वर बघितलं. वरचं नाव रिकाम्या जागेत सावकाश उतरवून काढलं. वर्षांच्या जागी तेहतीस. पत्ता तर त्यांनी असा लिहिला की आंधळ्यालाही सापडावा: छावणीच्या मागं, विहाराच्या कोपऱ्यावरून आत, कडुबा किराणाच्या पुढं चौथं घर, सुलेखाबाईंच्या ओट्यासमोर. खाली सही केली आणि सहीखाली एक छान रेघ ओढली.

पोस्ट बंद व्हायला अर्धाच तास होता. राजकुमारनं धावतपळत झेरॉक्स काढली आणि पाकीट रजिस्टर करून टाकलं.

बारा दिवसांनी ओवी राजकुमारच्या फायलीशी खेळत बसली होती. सुलेखाबाईंनी तिच्या हातातून कागद सोडवला. झेरॉक्सच होती ती. आपलं अक्षर बघावं म्हणून त्यांनी ती उजेडाकडं धरली.

'वरील नावाचा इसम सांडू यास मी तेहतीस वर्षांपासून ओळखते.'

त्यांनी पुन्हा वाचलं. आज रोजी मी त्यास समक्ष हयात पाहिले आहे. खाली त्यांचीच सही, खाली ती रेघ.

"काय झालं वहिनी?" राजकुमारनं विचारलं.

"काय नाय. अक्षर बघत होते."

सांगायला हवं होतं. पण सांगायचं कसं? अख्ख्या गल्लीचे फॉर्म भरणारी बाई, आणि हयातीच्या दाखल्यावर ऐंशी वर्षांपूर्वी हरवलेल्या माणसाचं नाव टाकून बसली. मोतीराम जन्मभर पुरवून पुरवून चिडवील. कचेरीतल्यांच्या लक्षात येईलच, अर्ज परत येईल, तेव्हा सांगू, असं त्यांनी ठरवलं. कागद फायलीत घातला आणि वरून हात फिरवला.

अर्ज परत आला नाही.

४

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. ऊन चटका न देणारं, आळसावलेलं. अडीचच्या सुमारास, सुपात तूर असताना, कोपऱ्यावर एक पाऊल वाजलं.

खट्. खट्. आणि मग फरकटल्यासारखा लांब आवाज. पुन्हा खट्. खट्.

सुलेखाबाईंचा हात थांबला. हे पाऊल गल्लीतलं नव्हतं. पाहुणे येतात, फेरीवाले येतात, ती पावलं दोन दिवसांत ओळखीची होतात. हे तसं नव्हतं. सिमेंटवर लोखंड घासल्यासारखं होतं. त्यांनी मान वर केली. कोपऱ्यावर कोणी नव्हतं. विहाराच्या सावलीत झोपलेलं कुत्रं उठलं, दोन पावलं बाजूला सरकलं आणि पुन्हा बसलं. माणसाला वाट द्यावी तसं.

कारखान्यातले बूट असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. चिकलठाण्याची पोरं घालतात ते जड बूट. नाहीतर कुणी लोखंडी पाइप ओढत नेत असेल. पण पाइप दारादारापुढं थांबत नाही. हे पाऊल थांबत होतं. दोन घरं चालायचं, थांबायचं. घराचा नंबर वाचायला माणूस जेवढा वेळ घेतो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी ते विहाराच्या पायरीपर्यंत आलं. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत. सुलेखाबाईंनी मोतीरामला एक दुपार घरी थांबवून घेतलं.

"ऐकू येतंय का?"

"काय?"

"बूट."

मोतीरामनं कान दिला. "तुझ्या सुपाचा आवाज येतोय फक्त," तो म्हणाला. मग बायकोचं तोंड बघून जरा हळू म्हणाला, "कान तपासून घे गं एकदा. वय झालं आपलं."

पाचव्या दिवशी त्या साखर आणायला गेल्या तर कडुबाच विचारू लागला, "वहिनी, समोर पाहुणा पोचला का?"

"कोणता पाहुणा?"

"काल दुपारी मी शटर अर्धं ओढून आडवा झालो होतो. खालून पाय तेवढे दिसले. म्हणतो, भामा कुठं ऱ्हाती. म्हणलं, भामाबाई का? तर म्हणतो, बाई नव्हं, लेकरू हाय. तीन वर्साचं." कडुबा पुडी बांधत हसला. "म्हणलं, मंग छोटी भामा म्हणा की राव. दाखवलं चौथं घर."

सुलेखाबाईंनी गल्ल्याच्या फळीला हात टेकवला. "पाय कसे होते?"

"वल्ले. गुडघ्यापत्तुर पट्ट्या गुंडाळलेल्या, वरून सगळा चिखल. आता ह्या दिवसांत एवढा चिखल कुठून आणला गड्यानं." पुडी पुढं सरकवताना तो थांबला. "आन् गंमत बघा. नंतर फडकं घेऊन पुसायला गेलो, तर फरशी कोरडी."

५

त्याच संध्याकाळी पाकीट आलं.

जुन्या इंग्रजी टायपातली तीन पानं होती. राजकुमार एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होता. उंची पाच फूट पाच इंच. वय चोवीस. भरती झाल्यावर दोन महिन्यांनी उजव्या टाचेला जखम, बरी झाली, चालताना पाय किंचित ओढतो. ब्रह्मदेशात रवाना. पावसाळ्यात एका नदीच्या काठावर तुकडी अडकली. त्यानंतर बेपत्ता. प्रेत मिळालं नाही.

"चोवीस," भामाबाई म्हणाल्या. "माझ्या सुदर्शनपेक्षा ल्हान."

"आणि हे बघ आई, तुझं नाव आहे. जवळचे नातेवाईक: कन्या, भामा. वय तीन वर्षे."

"परत वाच."

"कन्या, भामा. वय तीन वर्षे."

भामाबाईंनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, पण नावावर बोट ठेवायला सांगितलं आणि बोट तिथंच ठेवलं. राजकुमार सुदर्शनला फोन करायला अंगणात गेला. सुलेखाबाई खुर्चीपाशी खाली बसल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दाखल्यावर काय लिहिलं, ते कसं लपवलं, पाऊल, कुत्रं, सगळं.

भामाबाईंनी दाराकडच्या तांब्याकडं बघितलं.

"पत्ता नीट लिवलास ना?"

"लिहिला. माझ्या ओट्यासमोर म्हणून."

"मंग चूक कशाची, येडे. बाहत्तरला आईनं शेजारणीला सांगितलं होतं, आले तर सांग. तिच्याच्यानं झालं नाय. तुझ्याच्यानं झालं." त्यांच्या डोळ्यांत असं काही आलं की ती बाई क्षणभर पोर दिसली. "जत्रंत हरवल्यावाणी फिरत असंल बिचारा. गाव सापडलं असंल न् घर नाय."

मग सुलेखाबाईंनी कडुबाचं बोलणं सांगितलं. तीन वर्षांचं लेकरू, आणि त्यानं दाखवलेलं घर.

भामाबाईंचा चेहरा उतरला. पलीकडं दोरीच्या झोळीत ओवी झोपली होती, एक पाय बाहेर लोंबत.

"त्याला माझं वय कुणी सांगितलंच नाय," त्या हळू म्हणाल्या. "त्याच्या कागदात मी तीनच वर्साची. न् न्यायचं तर कबूल केलंय त्यानं."

"मावशी, मी दुरुस्तीचा अर्ज टाकते. उद्याच."

"काय लिवशील? बा मेला म्हणून?" भामाबाईंनी तिचं मनगट धरलं. त्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "ऐंशी वर्सं तयार बसलेय मी, सुले. मला न्यायचं तर नेऊ दे. माझं झालंय. छोटीला हात लागता कामा नये. उद्यापास्नं मला दारात बसव, न् तिला आत ठेवून कडी लाव."

६

दोन दिवस काही वाजलं नाही. फक्त सकाळी भरलेला तांब्या दुपारी रिकामा सापडायचा. पहिल्या दिवशी सुलेखाबाईंनी तो उलटा करून बघितला, कुठं चीर गेली आहे का. नव्हती.

तिसऱ्या दिवशी राजकुमार वैजापूरला गेला. तहसिलात जुनं दप्तर बघायला, प्रश्नचिन्हाच्या वरची नावं शोधायला. जाताना म्हणाला, "वहिनी, आईकडं अन् पोरीकडं लक्ष ठेवा जरा." सुलेखाबाईंनी मान हलवली.

दीडला भामाबाईंनी धुवट पातळ नेसायला मागितलं. केस विंचरून घेतले. "घट्ट घाल वेणी," म्हणाल्या. पांढऱ्या केसांची वेणी ती केवढी, बोटाएवढी. सुलेखाबाईंनी ती घातली, खुर्ची दारात ठेवली, ओवीला आतल्या खोलीत झोपवलं आणि वरची कडी स्वतः लावली. मग समोर जाऊन ओट्यावर बसल्या. सुपात गहू होते.

अडीच वाजले. कुत्रं उठलं, बाजूला सरकलं.

खट्. खट्. आणि तो फरकटल्यासारखा आवाज.

आज पाऊल दारादारापुढं थांबत नव्हतं. सरळ येत होतं. विहार, टाकी, कडुबाचं दुकान. सुलेखाबाईंनी मान वर केली नाही. तेहतीस वर्षं मान वर न करता माणूस ओळखला, आज मान वर करायची हिंमत नव्हती म्हणून केली नाही. पाऊल दोन घरांच्या मधोमध येऊन थांबलं. ओल्या नदीकाठचा वास आला, आणि त्यात तापलेल्या रुळांचा.

"बाई, भामा हाय का घरी?"

आवाज कोवळा होता. समोरच्या सुदर्शनपेक्षाही कोवळा. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा सुलेखाबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही.

तेवढ्यात समोर आतल्या खोलीतून दार वाजलं. ओवी जागी झाली होती. छोट्या तळव्यानं फळीवर मारत होती. "पणजी, कडी काढ. मला बाहेर यायचंय."

पाऊल वळलं. खट्. भामाबाईंच्या दाराकडं.

"बा," भामाबाई म्हणाल्या. "बा, मी हाय."

पाऊल उंबऱ्यापाशी थांबलं. मग तोच आवाज आला. त्यात अदब होती, घाई होती. "आजी, जराशी सरकता का? माझी लेक आत हाय."

सुलेखाबाईंनी डोळे मिटले. भामाबाई काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. बोलल्या असतील, ओठ हलले असतील. आत दारावर तळवा वाजत होता आणि कडी खुळखुळत होती. मग भामाबाईंची हाक आली, रस्त्याच्या पलीकडून, भाकरी करपली होती त्या दिवशी त्या स्वतः आल्या होत्या तशी.

"सुले. सांग गं यानला."

साक्ष शेजाऱ्याची लागते. सुलेखाबाई उठल्या. सूप कलंडलं आणि गहू ओट्यावरून खाली घरंगळले.

"भामा तीच हाय," त्या म्हणाल्या. शब्द एकेक करून नीट येत होते, फॉर्म भरावा तसे. "ती खुर्चीतली. तेहतीस वर्षांपासून ओळखते मी तिला. ह्याच पत्त्यावर राहते. रोज समक्ष बघते. आत आहे ती ओवी, तिच्या नातवाची लेक. भामा मोठी झाली, दादा. तुम्हाला उशीर झाला."

गल्लीत कसलाच आवाज राहिला नाही. आतला तळवासुद्धा थांबला.

आणि तेव्हा सुलेखाबाईंनी मान वर केली. एकदाच. खाकी खांदा दिसला, ओला, पाठीला चिकटलेला. खाली वाकत असलेली मान, त्यावर नुकतेच बारीक कापलेले केस. आणि भामाबाईंनी दोन्ही हात वर केले होते. लेकरू उचलून घे म्हणतं तसे. ते सुरकुतलेले हात त्या कोवळ्या मानेमागं एकमेकांत अडकताना त्यांनी पाहिले, आणि खाली बघितलं. पुढं बघायचा हक्क आपला नाही, असं त्यांना वाटलं.

मग पाऊल निघालं. तेच, ओळखीचं झालेलं. पण आता जड पडत होतं. एका बाजूला भार दिलेलं, जपून. कडेवर लेकरू घेतलेला माणूस चालतो तसं. दुकान, टाकी, विहार. कोपऱ्यावरून वळलं आणि नाहीसं झालं.

७

ओवी कडीमागं फरशीवर बसली होती, अंगठा तोंडात घालून. धडधाकट. सुलेखाबाईंनी तिला छातीशी धरलं आणि मगच खुर्चीकडं बघितलं. भामाबाईंची मान कलली होती, तोंड हसताना व्हायचं तसं डावीकडं किंचित वाकडं. धुवट पातळ कमरेच्या एका बाजूला ओलं होतं. तिथं तांबूस चिखलाचा हाताएवढा डाग होता. राजकुमार वैजापूरहून येईपर्यंत तो वाळून झडून गेला.

माणसं जमली, विहारातून भंते आले, रात्री उशिरा सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी राजकुमार ओट्यापाशी आला आणि पायरीवर बसला. डोळे सुजलेले होते.

"वहिनी, काल दुपारी कोणी आलं होतं का? कडुबा म्हणतो, पुन्हा ते बूट वाजले."

"आलं होतं. तिच्या माहेरचं माणूस."

"माहेरचं कोण राहिलंय तिचं?" राजकुमारनं विचारलं. मग सवयीनं खिशातला पेन चाचपला. "नाव सांगितलं का? वंशावळीत घालायला पाहिजे."

"घातलेलंच हाय," सुलेखाबाई म्हणाल्या. "फक्त ते उलटं इळ्यासारखं पुसून टाक."

तांब्या त्यांनी मागून घेतला. आता तो त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी पालथा ठेवलेला असतो. फॉर्म त्या अजूनही भरतात, पण लिहायच्या आधी कागद मोठ्यानं वाचतात, आणि मोतीराम हसला तर हसू देतात. आणि त्यांनी गल्लीत घरोघर जाऊन एक गोष्ट बजावून ठेवली आहे. पोरीचं नाव ओवी. ओवीच म्हणायचं.

सगळे पाळतात. कडुबा मात्र विसरतो. परवा दुपारी अडीचच्या सुमाराला ओवी दुकानापुढून धावत चालली होती, तर बरणी उघडत त्यानं हाक मारली, "ए छोटी भामा, गोळी घेती का?"

पोर वळायच्या आत सुलेखाबाई ओट्यावर उभ्या राहिल्या. कडुबाकडं नाही, रिकाम्या कोपऱ्याकडं तोंड करून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं,

"इथं भामा कोणी नाय. गेली ती तिच्या बापासंगं."